फोटोतले दाणे आणि आयएसओची बदनामी

लग्नाचे फोटो काढून हात बसलेल्या कुणालाही विचारा, आयएसओ कितीपर्यंत न्यायचा? उत्तर ठरलेले असते : ‘आठशेच्या वर जायचे नाही, फोटो फाटतो.’ कुणी उदार असला तर सोळाशेपर्यंत मुभा देतो. हा नियम त्याला त्याच्या उस्तादाने दिलेला असतो आणि उस्तादाने तो फिल्मच्या जमान्यातून जसाच्या तसा उचललेला असतो. मधल्या काळात सेन्सरची जात बदलली, फोटो पाहण्याची जागा अल्बममधून फोनवर आली, नियम मात्र जागचा हलला नाही. दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्यांच्या जाहिराती आहेत. त्यांचे ऐकले तर चार लाख आयएसओ लावून अमावस्येलाही वरात काढता येईल.

या दोन टोकांच्या मध्ये खरे काय आहे, हे एकदा नीट तपासण्यासारखे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. नॉइजचा, म्हणजे फोटोतल्या या दाण्यांचा, दोष आयएसओच्या माथी मारणे चूक आहे. खरा दोष अपुऱ्या प्रकाशाचा आहे. त्यात कॅमेऱ्याचा जो वाटा होता, तो इंजिनिअरांनी गेल्या दोन दशकांत जवळजवळ संपवत आणला आहे.

मुळात प्रकाशच दाणेदार

प्रकाश सलग धारेने येत नाही, फोटॉनच्या सुट्या कणांनी येतो, आणि ते कण शिस्तीत, ठरावीक अंतराने येत नाहीत. वळवाचे पहिले थेंब अंगणातल्या शहाबादी फरशीवर पडताना पाहा. फरश्या एकाच मापाच्या, पाऊसही सगळीकडे सारखाच, तरी एकीवर चार थेंब पडतात, शेजारचीवर सात आणि तिसरीवर एकच. पाऊस कोसळू लागला की फरश्या सारख्याच भिजलेल्या दिसतात. सेन्सरवरचे पिक्सेल म्हणजे या फरश्या.

गणित एका ओळीचे आहे. सरासरी जितके फोटॉन, त्याच्या वर्गमुळाइतका चढउतार. एका पिक्सेलवर दहा हजार फोटॉन टिपले गेले तर शंभराचा चढउतार, म्हणजे एक टक्का. डोळ्याला जाणवतही नाही. शंभर टिपले गेले तर दहाचा, म्हणजे दहा टक्के. आता दाणे दिसू लागतात. चारच टिपले गेले तर दोनचा, म्हणजे निम्मा हिशेब बेभरवशाचा. जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर शॉट्की याने १९१८ मध्ये व्हॅक्यूम ट्यूबमधल्या विद्युतप्रवाहाची खरखर अशाच तर्काने समजावली होती. प्रवाह सुट्या इलेक्ट्रॉनांचा बनलेला असल्यामुळे तो कधीच पूर्ण स्थिर नसतो, हे त्याने दाखवले. छायाचित्रातल्या या मूळ नॉइजलाही आज शॉट नॉइज हेच नाव आहे. तो कॅमेऱ्याचा दोष नाही. जगातला सर्वोत्तम, काल्पनिक, निर्दोष सेन्सर आणला तरी तो राहणारच.

आता एक खरा प्रसंग घेऊ. नाट्यगृहात प्रयोग चालू आहे. फ्लॅशला अर्थातच मनाई. अपर्चर एफ/२.८, शटर १/२५०, आयएसओ ६४००. फुल फ्रेम सेन्सरवरचा सुमारे सहा मायक्रॉनचा एक पिक्सेल आयएसओ १०० वर काठोकाठ भरायला साधारण ६४ हजार इलेक्ट्रॉन लागतात असे धरा. ६४०० वर याच्या चौसष्टाव्या भागालाच चित्र पांढरे पडते, म्हणजे हजार इलेक्ट्रॉनांना. नटाचा चेहरा मध्यम उजेडात असेल तर तिथल्या पिक्सेलवर साधारण १६० इलेक्ट्रॉन जमतात. चढउतार सुमारे १३. चेहरा थोडा दाणेदार दिसेल, पण ओळख, भाव, कपाळावरचा घाम, सगळे शाबूत. त्याच्या मागच्या काळ्या पडद्यावर मात्र याच्या सोळाव्या भागाइतकाच उजेड आहे. तिथे पिक्सेलमागे दहाच इलेक्ट्रॉन आणि चढउतार तीनाच्या वर. त्या पडद्यावर शंभर टक्के झूम केले की काळ्याऐवजी लालसर-निळसर ठिपक्यांची रांगोळी दिसते.

रंग कुठून आले? बहुतेक सेन्सरांवर कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी सुचवलेली, १९७६ मध्ये पेटंट मिळालेली रंगीत जाळी असते : निम्मे पिक्सेल हिरव्यासाठी, पाव लालसाठी, पाव निळ्यासाठी. प्रत्येक पिक्सेलला एकच रंग कळतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. रंगमंचावरच्या पिवळ्या दिव्यांत निळा प्रकाश मुळातच कमी असतो. व्हाइट बॅलन्स बरोबर करायचा तर निळ्याला दुपटी-तिपटीने गुणावे लागते, आणि त्याच्याबरोबर निळ्यातला नॉइजही गुणला जातो. म्हणून तोच आयएसओ ढगाळ दुपारी सुसह्य वाटतो आणि पिवळ्या बल्बखाली डोळ्यांना टोचतो.

आयएसओ वाढवल्याने सेन्सर अधिक ‘संवेदनशील’ होत नाही. टिपलेल्या फोटॉनांची संख्या अपर्चर, शटर आणि समोरचा उजेड यांनी ठरते; आयएसओ फक्त त्या संख्येपासून बनलेला सिग्नल किती वाढवायचा ते सांगतो. प्रयोग घरी करता येतो. कॅमेरा स्टँडवर लावा, अपर्चर आणि शटर मुळीच बदलू नका. एक रॉ फोटो (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आयएसओ १०० वर काढा, तो काळाकुट्ट येईल. दुसरा ३२०० वर काढा. पहिला संगणकावर पाच स्टॉप (दर स्टॉपला दुप्पट) उजळा आणि दोन्ही शेजारी ठेवा. आजच्या बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत दोघांत फारसा फरक दिसणार नाही. काही जुन्या कॅमेऱ्यांत तर १०० चा फोटो जास्त खराब निघेल, सावल्यांत पट्टे उमटतील. आयएसओनेच नॉइज येत असता तर उलटे घडायला हवे होते.

कॅमेऱ्याच्या पदरचा भाग

त्या पट्ट्यांचे मूळ सेन्सरनंतरच्या वाटेत आहे. पिक्सेलमधले इलेक्ट्रॉन मोजायचे म्हणजे त्यांचे व्होल्टेज करायचे, ते वाढवायचे, तारांवरून न्यायचे, आकड्यात बदलायचे. या प्रत्येक पायरीवर थोडी थोडी खरखर मिसळते. हा रीड नॉइज. पिक्सेलवर हजारो इलेक्ट्रॉन असतील तर तो खिजगणतीत नसतो. दहाच इलेक्ट्रॉन असतील आणि मोजणारा स्वतःच पंधरा-वीसने चुकत असेल, तर मोजून उपयोग काय?

डिजिटल सेन्सरचा इतिहास एका अर्थी ही चूक कमी करत नेण्याचा इतिहास आहे. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या चिपची कल्पना मांडली. त्यासाठी २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले. पिक्सेल दर वेळी रिकामा करताना मागे थोडा अनिश्चित भार राहतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्टिंगहाउसच्या मार्विन व्हाइट यांनी त्यावर उपाय काढला : आधी रिकाम्याचे माप घ्या, मग भरल्याचे, आणि वजाबाकी करा. १९८० च्या सुमारास जपानमध्ये एनईसीच्या नोबुकाझू तेरानिशी यांनी पिन्ड फोटोडायोड आणला, त्याने भार मागे रेंगाळणे जवळजवळ थांबले. नंतर नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फोसम आणि सहकाऱ्यांनी सीमॉस सेन्सर कामाचा करून दाखवला. २०१७ चे क्वीन एलिझाबेथ अभियांत्रिकी पारितोषिक फोसम, तेरानिशी, स्मिथ आणि मायकेल टॉम्पसेट या चौघांना मिळाले. आपल्या खिशातल्या फोनमध्ये या सगळ्यांची कमाई आहे, आणि नावे मात्र फोटोग्राफी शिकवणाऱ्या वर्गांतही क्वचितच घेतली जातात.

सीमॉस सुरुवातीला गरीब नातेवाईकच समजला जाई; स्वस्त, पण नॉइज जास्त. कॅननने २००० मध्ये डी३० या एसएलआरमध्ये तो वापरून ही समजूत मोडली. २००७ मध्ये सोनीने एक्समोर सेन्सरांत प्रत्येक उभ्या रांगेच्या तळाशीच आकडे बनवणारे सर्किट बसवले. सिग्नल चिपबाहेर लांबवर नेऊन मग मोजण्याची गरज संपली आणि सावल्यांतले पट्टे गेले. डोळा विखुरलेले दाणे सहज माफ करतो. सरळ रेषा मात्र, कितीही फिकट असो, लगेच पकडतो. त्यामुळे आकड्यांत छोटी दिसणारी ही सुधारणा प्रत्यक्षात फार मोठी होती. आज चांगल्या कॅमेऱ्यात रीड नॉइज एक ते तीन इलेक्ट्रॉनांच्या घरात आहे. प्रयोगशाळेसाठी बनलेले काही सेन्सर तर अर्ध्या इलेक्ट्रॉनाच्याही खाली गेले आहेत. जपानच्या हामामात्सू कंपनीने २०२१ मध्ये आणलेल्या शास्त्रीय कॅमेऱ्यात तो ०.२७ इलेक्ट्रॉन आहे, म्हणजे एक, दोन, तीन असे फोटॉन सुटे मोजता येतात.

दुसरी युक्ती दुहेरी गेनची, म्हणजे सिग्नल वाढवण्याच्या दोन पातळ्यांची. पिक्सेलमधला इलेक्ट्रॉन साठवण्याचा कप्पा गरजेनुसार लहान करता आला तर तेवढ्याच इलेक्ट्रॉनांपासून मोठे व्होल्टेज मिळते आणि मोजणीतली चूक तुलनेने घटते. पॅनासॉनिकच्या व्हॅरिकॅम ३५ या सिनेमा कॅमेऱ्याला म्हणूनच ८०० आणि ५००० असे दोन मूळ आयएसओ आहेत. सोनी ए७ थ्रीमध्ये हा बदल ६४० ला होतो. परिणामी त्यात ५०० पेक्षा ६४० वरच्या सावल्या स्वच्छ असतात. ‘जितका कमी तितका बरा’ म्हणणाऱ्या उस्तादांना हे कुणीतरी सांगायला हवे.

उष्णतेचा नॉइज वेगळाच. उजेड नसतानाही सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉन सुटत राहतात आणि तापमान सहा-सात अंशांनी वाढले की त्यांचे प्रमाण जवळपास दुप्पट होते. १/२५० सेकंदात त्याने काही बिघडत नाही. मिनिटामिनिटाच्या एक्स्पोजरला मात्र लाल-निळे चटक ठिपके उठतात. जुन्नरजवळ गिरावलीला पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे, तशा दुर्बिणींवरचे सीसीडी उणे शंभर अंशांच्या आसपास थंड ठेवतात ते याचसाठी. आपल्या कॅमेऱ्यातला ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ गरिबाघरचा उपाय करतो. तेवढ्याच वेळाचा एक पूर्ण काळा फोटो काढतो आणि वजा करतो. चार मिनिटांच्या फोटोला आठ मिनिटे लागतात.

डायलवरचे आकडे आणि खरी प्रगती

आता जाहिरातींकडे. निकॉनच्या १९९९ च्या डी१ मध्ये आयएसओ १६०० पर्यंत जात असे. २००७ च्या डी३ ने २५,६०० दाखवले आणि क्रीडा छायाचित्रकारांनी कॅमेरे बदलले. २०१४ च्या सोनी ए७एसवर ४,०९,६०० होते. २०१६ च्या निकॉन डी५ वर तर ३२ लाख ८० हजार. सोळाशेपासून बत्तीस लाखांपर्यंत म्हणजे अकरा स्टॉप, दोन हजार पट.

हे आकडे खरे आहेत आणि निरर्थकही आहेत. आयएसओ १२२३२ हे मानक प्रथम १९९८ मध्ये आले. त्यात नॉइजवरून वापरण्याजोगा आयएसओ ठरवण्याची रीत आहे : सिग्नल नॉइजच्या चाळीस पट असेल तर उत्तम, दहा पट असेल तर चालण्याजोगा. पण कंपनीने डायलवर कुठला आकडा छापावा, याला हे बंधन नाही. छापायला शाईच लागते.

खरी मोजणी पाहायची तर डीएक्सओमार्क या चाचणी संस्थेचे आकडे उपयोगी पडतात. नॉइज, डायनॅमिक रेंज आणि रंग यांच्या ठरावीक दर्जापर्यंत कॅमेरा कुठल्या आयएसओपर्यंत तग धरतो, ते ही संस्था मोजते. २००५ च्या कॅनन ५डीला सुमारे १,३७० मिळाले. २०१४ च्या सोनी ए७एसला सुमारे ३,७००. या नऊ वर्षांत डायलवरची कमाल मर्यादा ३,२०० वरून चार लाखांवर गेली, म्हणजे सात स्टॉप. प्रत्यक्ष कमाई दीड स्टॉपहूनही कमी! आणि २०१८ च्या ए७ थ्रीला पुन्हा ३,७०० च्याच आसपास गुण आहेत.

हे इंजिनिअरांचे अपयश नव्हे. वर म्हटल्याप्रमाणे उरलेला नॉइज बहुतांश प्रकाशाचाच आहे. सोनीने २००९ पासून ग्राहकांच्या कॅमेऱ्यांत सेन्सर उलटा बसवून, म्हणजे तारा मागे आणि प्रकाश घेणारी बाजू पुढे करून, पकड वाढवली. छोट्या सेन्सरला त्याचा मोठा फायदा झाला, फुल फ्रेमला थोडाच. आता येणाऱ्या फोटॉनांतले निम्म्याहून अधिक टिपले जात असतील, तर यापुढे दुपटीपेक्षा जास्त सुधारणा कुठून आणणार? एक मोठी गळती शिल्लक आहे ती रंगीत जाळीची. प्रकाशाचा बराच भाग तीच अडवते. लायकाने २०१२ मध्ये जाळीच नसलेला, फक्त कृष्णधवल कॅमेरा काढला. हुवावेने २०१९ च्या पी३० प्रोमध्ये हिरव्याऐवजी पिवळे फिल्टर लावून चाळीस टक्के जास्त प्रकाश मिळतो असा दावा केला. दोन्ही वाटांवर किंमत रंगांत मोजावी लागते. सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ए९ थ्रीमध्ये तर वाट उलटी फिरली : सगळे पिक्सेल एकाच क्षणी वाचणारा सेन्सर मिळाला, पण सर्वांत खालचा मूळ आयएसओ २५० वर गेला. शंभरावर मिळणारा स्वच्छपणा वेगासाठी सोडून दिला.

फिल्मच्या काळाशी तुलना केली तर आजची तक्रार थोडी लाडावलेलीच वाटते. वृत्तपत्रांची पिढ्यान्‌पिढ्यांची मदार कोडॅकच्या ट्राय-एक्स ४०० वर होती. अंधार असला की ती डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवून सोळाशेपर्यंत ताणायची आणि येतील ते दाणे स्वीकारायचे. १९८८ मध्ये आलेली टी-मॅक्स पी३२०० ही फिल्मही नावाला ३२००. तिचा मूळ आयएसओ हजाराच्या आसपासच. स्टॅन्ली कुब्रिकला १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात दृश्ये घ्यायची होती. त्याने फिल्मवर भरवसा न ठेवता नासासाठी बनवलेल्या झाइसच्या एफ/०.७ लेन्स मिळवल्या. एफ/२.८ पेक्षा सोळा पट प्रकाश! आजही सर्वांत खात्रीचा उपाय तोच आहे.

मोठा सेन्सर, उघडी लेन्स

फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, मायक्रो फोर थर्ड्सचे २२५, आणि बऱ्याच फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे पंचवीस-तीसच्या आसपास. त्याच अपर्चर आणि शटरला फुल फ्रेम फोनच्या तीसेक पट प्रकाश गोळा करतो. मेगापिक्सेल किती, हा मुद्दा इथे जवळजवळ गौण आहे. बारीक पिक्सेल एकेकटे पाहिले तर जास्त दाणेदार दिसतात, पण तोच फोटो त्याच मापात छापला की फरक मिटतो. चार पिक्सेलांची सरासरी काढली की नॉइज निम्मा होतो. पडद्यावर शंभर टक्के झूम करून नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कॅमेऱ्याबरोबर मिळणारी किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ ला अडकते. पन्नास मिलिमीटरची एफ/१.८, बहुतेक ब्रँडच्या स्वस्त लेन्सांपैकी एक, तिच्या जवळपास दहा पट प्रकाश देते. म्हणजे किट लेन्सवर ६४०० ला होणारे काम तिच्यावर साडेसहाशेच्या आसपास होते. नवा कॅमेरा घ्यायला निघालेल्या निम्म्या लोकांना खरी गरज या लेन्सची असते. दुकानदार हे सांगणार नाही.

फोनवाल्यांना मोठा सेन्सर शक्य नव्हता आणि लेन्सही मर्यादित, म्हणून त्यांनी वेळ वापरला. गुगलने २०१६ मध्ये एचडीआर प्लसची पद्धत शोधनिबंधात मांडली आणि २०१८ मध्ये नाइट साइट आणले : झटपट पंधरापर्यंत फोटो काढायचे, हात हलल्याने सरकलेले तुकडे जुळवायचे आणि एकत्र करायचे. पंधरा फोटो मिळून प्रकाश पंधरापट, नॉइज जवळपास चौथाईवर. जिथे काही हलले असेल तिथे तुकडे जुळत नाहीत. तिथे सॉफ्टवेअर निमूटपणे एकाच फोटोवर समाधान मानते. विसर्जन मिरवणुकीचा फोनवरचा रात्रीचा फोटो मोठा करून पाहा. मागच्या वाड्याची भिंत गुळगुळीत, आणि ढोलावर पडणाऱ्या टिपरूभोवती दाण्यांचा किंवा रंगाच्या लेपाचा एक ढग. एकाच चित्रात दोन वेगवेगळे कॅमेरे असल्यासारखे.

पुसणे आणि रचणे

खरा वाद आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. नॉइज कमी करण्याची सर्वांत जुनी रीत शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढण्याची. दाणे जातात, बारकावेही जातात. २००५ मध्ये बुआदेस, कोल आणि मोरेल यांनी सुचवले की शेजारीच कशाला पाहायचे? चित्रात इतरत्र कुठेही तसाच दिसणारा तुकडा असेल तर त्याच्याशी सरासरी काढा. विटांच्या भिंतीत एक वीट दाणेदार असेल तर शंभर विटा तिच्या मदतीला आहेत. २००७ मध्ये फिनलंडच्या टॅम्पेरे तंत्रज्ञान विद्यापीठातल्या गटाने हीच कल्पना बीएम३डी या पद्धतीत इतकी पुढे नेली की पुढची दहाएक वर्षे सगळे तिच्याशीच तुलना करत होते. या साऱ्या पद्धतींत एक प्रामाणिकपणा होता. चित्रात जे आहे त्यातूनच त्या उत्तर काढत.

न्यूरल नेटवर्कांनी हे बदलले. ती लाखो चित्रे पाहून तयार झालेली असतात. पापणी, गवत, कापड कसे दिसते ते त्यांना ‘ठाऊक’ असते. एन्व्हिडियाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की शिकवायला स्वच्छ चित्र लागतही नाही, एकाच दृश्याची दोन वेगवेगळी दाणेदार चित्रे पुरतात. डीएक्सओने २०२० मध्ये डीपप्राइम आणले, अडोबीने २०२३ मध्ये लाइटरूममध्ये डिनॉइज दिले. निकाल थक्क करणारे आहेत. ताडोब्यात पहाटे गेट उघडल्याउघडल्या, सूर्य झाडांवर यायच्या आत, एफ/६.३ च्या झूम लेन्सवर १२,८०० आयएसओला काढलेला वाघ आज छापण्याजोगा होतो. दहा वर्षांपूर्वी तो फोटो टाकून दिला असता.

पण या सॉफ्टवेअरला माहिती नसते तिथेही उत्तर द्यायचेच असते. ते मिशांचे केस सरळ आणि सुटसुटीत करते, पैठणीच्या काठावरचे मोर एकसारखे करते. त्याहून स्पष्ट पुरावा हवा असेल तर फोटोत मागे, दूरवर दिसणारी देवनागरी पाटी पाहा. शिरोरेषा ठळक आणि स्वच्छ, आणि तिच्याखाली कुठल्याच बाराखडीत नसलेली अक्षरे. दाणेदार फोटोत ती पाटी निदान ‘वाचता येत नाही’ एवढे तरी खरे सांगत होती. २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या फोनबाबत असाच गदारोळ झाला : मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्राचा फोटो काढला, तरी फोनने त्यावर नसलेले बारकावे उमटवले. उलटा प्रकारही घडतो. लांब एक्स्पोजरमधले चटक ठिपके पुसणाऱ्या फिल्टरांनी काही कॅमेऱ्यांत मंद तारेही गिळले, आणि आकाशाचे फोटो काढणाऱ्यांनी कंपन्यांना धारेवर धरले.

अकोले तालुक्यात पुरुषवाडीला पावसाआधी काजवे पाहायला लोक लोटतात. तिथे काढलेले गाजलेले फोटो बहुतेक अनेक फ्रेम एकावर एक रचून केलेले असतात. झाडावर एका वेळी दिसलेच नाहीत इतके ठिपके त्यांत असतात. ती रचना म्हणून सुंदरच आहे. पण खाली ‘अमुक सेकंदांच्या इतक्या फ्रेम’ असे लिहिले तरच ते छायाचित्र राहते, असे माझे मत. डिनॉइजलाही हाच न्याय लावावा. घरच्या मुंजीच्या फोटोत चेहरे गुळगुळीत झाले तर कुणाचे काही जात नाही. बातमी, पोलीस तपास, वन्यजीवांची नोंद आणि वैद्यकीय चित्रे इथे मात्र दाणे बरे, रचलेला बारकावा नको. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत अंतिम टप्प्यावर मूळ फाइल मागतात. आपल्याकडच्या स्पर्धांनीही हा नियम घालायला हरकत नाही.

नॉइजचा चक्क उपयोग करणारेही आहेत. प्रत्येक सेन्सरचे पिक्सेल किंचित कमीजास्त प्रतिसाद देतात आणि तो नमुना त्या सेन्सरचा ठसा असतो. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात जेसिका फ्रिडरिच आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की या ठशावरून कुठला फोटो नेमक्या कुठल्या कॅमेऱ्याने काढला ते ओळखता येते. जिनिव्हा विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये साध्या नोकिया फोनच्या कॅमेऱ्यातल्या शॉट नॉइजपासून संकेतलेखनाला लागणाऱ्या यादृच्छिक संख्या काढल्या. आणि सिनेमावाले? डिजिटलवर चित्रीकरण करून झाल्यावर ते पुन्हा फिल्मचे दाणे घालतात. एव्ही१ या व्हिडिओ पद्धतीत तर पाठवताना दाणे काढून टाकण्याची आणि पडद्यावर नव्याने पेरण्याची अधिकृत सोयच आहे.

तेव्हा प्रत्यक्ष काय करावे? शटरचा वेग आधी ठरवा, कारण हललेला फोटो कुठल्याही सॉफ्टवेअरने धड होत नाही. अपर्चर परवडेल तेवढे उघडा. मग आयएसओ जिथे जाईल तिथे जाऊ द्या. भीतीपोटी कमी ठेवून अंधारा काढलेला आणि नंतर उजळलेला फोटो कधीच जास्त स्वच्छ नसतो, बऱ्याचदा वाईटच असतो. चांगल्या फुल फ्रेमवर ६४०० पर्यंत फार विचार न करता जा, १२,८०० वर विषयाचे मोल पाहा, त्याच्या वरचे आकडे पुराव्यापुरते. जेपीजीमध्ये कॅमेऱ्याचे नॉइज रिडक्शन ‘लो’वर ठेवा, नाहीतर माणसे मेणाची होतात. आणि जुन्या हार्ड डिस्कवर पडून असलेल्या, ‘नॉइज फार’ म्हणून बाजूला टाकलेल्या रॉ फायली जागा करण्यासाठी पुसू नका. २००८ सालच्या फायलींतून आजची सॉफ्टवेअर तेव्हापेक्षा कितीतरी जास्त काढतात, आणि जेपीजी करून मूळ फाइल टाकून दिली असेल तर हा लाभ कायमचा गेला.